चौथी रेघ

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी चेनसॉ हातात घेतला. लाकूड कापायचा नाही हं, काँक्रीट कापायचा! साखळीला हिऱ्याचे तुकडे जडवलेले, सोबत पाण्याची नळी. शहाद्याबाहेरच्या कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात शेवटची खोली चहूबाजूंनी बंद होती. दार नाही, खिडकी नाही. नव्या मालकाला तिथे खिडकी पाडून हवी होती आणि काम माझ्या वडिलांनी, आबांनी घेतलं होतं.

"शाळामा फळ्यावर रेघ वाकडी काढस, आठे सरळ काढशी का?" आबा हसले.

"दखा तं खरं!"

पैज लागली. चारही रेघा सरळ आल्या, तर सुट्टीभर करवत माझी.

खडूने आखलेल्या चौकटीवर मी टोक टेकवलं. खालची रेघ, मग वरची, मग डावी. हात भरून आले, पण सूतभरही हलले नाहीत. पांढरा गाळ कोपरांपर्यंत उडाला. कोपरे असे काटकोनात, की भूमितीच्या मॅडमनी येऊन बघावं!

फक्त पाणी परत येत नव्हतं. एरवी चिरेतून निम्मं अंगावर येतं. इथे सगळं आत जात होतं, आणि पडल्याचा आवाज नाही.

मी सॉ बंद केला. भिंतीतली घरघर जरा उशिरा थांबली.

"आवाज घुमस," म्हणत आबा पाचरी आणायला टेम्पोकडे गेले.

सॉ माझ्या पायाशी होता. थंड होत चाललेला.

घरघर पुन्हा सुरू झाली. उजवीकडची खडूची रेघ ओली होऊ लागली. वरून खाली, सावकाश.

मग तिथून गाळ आला.

आबा परतले. "वा रे वाघीण! चारीबी सरळ! करवत तुन्ही."

हेच तर ऐकायचं होतं! पण दुसऱ्याचं काम मी माझं कसं म्हणू?

"तीनच मन्ह्या शेतस, आबा. चौथी मी नही कापी."

हसत हसत त्यांनी त्या चिरेवर बोट फिरवलं. करवत ज्या बाजूने बाहेर पडते, तिथली कड फुटते. माझ्या तिन्ही कडा गुळगुळीत होत्या. चौथीचे कपचे आमच्या पायाशी पडले होते.

आबांचं हसू गेलं. "बेटा, चाल."

"मन्हं काम बाकी शे," मी म्हणाले आणि चौकटीतल्या सुट्या झालेल्या ठोकळ्यावर तळहात ठेवला.

मी ढकलण्याआधीच तो बोटभर माझ्याकडे सरकला.