सागाभोवतीचं कडं

सत्तावन सालचा उन्हाळा. आमचा चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता, आणि वर्गात भूगोल शिकवणाऱ्या मला माझ्याच मुली विचारत होत्या, "आई, आपलं राज्य दिसते कसं?" मुंबई लांब होती. म्हटलं, आधी घराजवळचं रान पाहू. शाळेला सुट्टी लागताच प्रेमिला आणि अन्नपूर्णेला घेऊन मी मोटारीनं आलापल्लीला निघाले. वैनगंगेच्या पात्रात मोटार आली तेव्हा दोघी खिडकीतून अर्ध्या बाहेर होत्या.

आलापल्लीला माझा भाऊ लाकडाच्या डेपोत नोकरीला होता. सकाळी त्यानं ओळखीच्या इस्तारीची बैलगाडी करून दिली. मुलींना सगळ्याचंच नवल! वाटेत त्यांनी तेंदूची पिकली टेंभरं खाल्ली, मोराचं पीस सापडलं म्हणून आरडाओरडा केला. मीही त्यांच्याइतकीच हरखले होते. मोठे साग आले तशा आम्ही उतरलो. एका मोहाच्या सावलीत बैल सोडून इस्तारी तिथंच बसला.

"आई, याले कवळ घालू!" प्रेमिला म्हणाली.

आम्ही तिघींनी हात धरून एका सागाभोवती कडं केलं. ते जुळलं नाही. माझ्या आणि अन्नूच्या हातांत वीतभर अंतर उरलं. मग मुली त्याहून मोठ्या सागाकडे पळाल्या. त्याच्यावरही पान नव्हतं, ऊन थेट खाली पडत होतं, तरी बुंध्याशी गेल्यावर अंगावर गारवा आला. साल गालाला खरखरीत लागली. ओल्या मातीचा वास येत होता. रान तर कोरडं ठणठणीत होतं.

मी उजव्या हातानं प्रेमिलेला धरलं. तिनं पलीकडे अन्नूला धरलं. मी डावा हात लांबवला आणि एका लहान हातानं तो धरला.

"अन्नू, पोचली तू!" मी ओरडले.

"नाई व आई," बुंध्याच्या मागून अन्नू म्हणाली. "कुठी पोचली? हात तर मोकळाच आहे माझा."

मला हसू आलं. पोरगी थट्टा करते आहे. मी बोटं दाबली. त्या बोटांनीही माझी दाबली.

"प्रेमिले, अन्नूचा हात दिसते काय तुले?"

"दिसते ना. हवेतच आहे."

माझा तळवा घामानं ओला होता. त्यातला हात कोरडा होता, आणि गार.

तेवढ्यात अन्नू आनंदानं किंचाळली. "आता पोचली! आई, किती थंडा हात व तुझा!"

गाडीपाशी इस्तारी उठून उभा राहिला होता. तो जवळ आला नाही.

"बाई," तो तिथूनच म्हणाला, "पोरीइले वापस आना."

"काऊन, इस्तारीभाऊ?"

"आना म्हणतो ना."

मी प्रेमिलेचा हात सोडला. डावा हात ओढला. तो सुटेना.

पुन्हा ओढला.

मग पकड सैल झाली. सावकाश, एकेक बोट करून.

मी धावत बुंध्यामागं गेले. अन्नू गाल सालीला टेकवून उभी होती, हसत होती. तिच्या बाजूला कोणी नव्हतं. मी तिला खसकन ओढून छातीशी धरलं. तिचं अंग उन्हानं तापलं होतं. एक हात तेवढा विहिरीतून काढल्यासारखा होता.

"पळा, गाडीकडे पळा दोघी!" मी म्हणाले. "मी आलीच."

मी झाडाभोवती फिरून पाहिलं. कान देऊन ऐकलं. तिथं काहीच नव्हतं, साधं पाखरूदेखील नाही. मला माझ्याच भीतीची लाज वाटली आणि मी वळले.

मुली पुढं पळत होत्या. एकीनं डावा, एकीनं उजवा हात मधे लांबवला होता. दोघींच्या मधे एका लेकराएवढी जागा होती. प्रेमिला मान वळवून खाली पाहत बोलत होती. मग दोघींनी आपले हात एकदम वर उचलले, लहान पोराला झुलवतात तसे, आणि खदाखदा हसल्या.

त्यांनी हात खाली आणले.

मधल्या जागेत वाळला पाला चुरचुरला.