खडू, कोळसा आणि हिरवी मखमल

चष्मिषने खडूच्या पिंजऱ्यात हात घातला आणि त्याच्या बिछान्यातून हिरव्या मखमलीची चिंधी ओढून काढली. काल एक सापडली होती, आज ही दुसरी.

"ही खालची आहे, मामाच्या कारखान्यातली," ती म्हणाली. "वर घरात हिरवी मखमल नाहीच."

"मग जिना चढून आली असेल," तिचा मामेभाऊ लंबू म्हणाला. "तुझा खडू तर जागचा हलत नाही."

ते खरंच होतं. खडू हा चष्मिषचा पांढरा उंदीर आणि कोळसा त्याचा काळा भाऊ. सुट्टीला मामाकडे येताना तिने दोघांना एकाच पिंजऱ्यातून आणलं होतं. पण आल्यापासून कोळशाचं काहीतरी बिनसलं. तो केस फुलवून खडूच्या अंगावर जायचा, त्याला कोपऱ्यात रेटायचा. परवा तर त्याने खडूचा कानच फाडला. मामाने कोळशाला तडक दुसऱ्या पिंजऱ्यात घातलं आणि खाली नेऊन ठेवलं. मामा सोफे शिवायचा. कारखाना खाली, घर वर आणि मध्ये लाकडी जिना.

तेव्हापासून खडू पाठीला पोक काढून बसून होता. दाण्यांना तोंड लावत नव्हता. चष्मिषलाही चैन नव्हती. पुस्तक उघडायचं, मिटायचं, पिंजऱ्यापाशी जायचं, परत यायचं. त्यात मामाने जाहीर करून टाकलं होतं, की चौकातला सलूनवाला आज संध्याकाळी कोळशाला घेऊन जाणार. गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून तो त्याला काचेच्या पेटीत ठेवणार होता. एकट्याला. भांडकुदळाला एकटंच बरं, असं मामाचं म्हणणं.

"आधी चिंधीचा छडा लावू," लंबू म्हणाला. "पिंजऱ्याचं दार तर बंदच असतं."

दाराची कडी प्रवासात तुटली होती. मामाने तिथे सोफ्याचं रुंद इलॅस्टिक ताणून बांधलं होतं. मोडकी वस्तू दिसली की मामाचा हात आधी इलॅस्टिककडे जायचा. त्याची छत्री, पाकीट, न्हाणीघराचं दार, सगळं इलॅस्टिकवर चालायचं.

दुपारी मामा घोरू लागल्यावर तिघं कामाला लागले. तिसरा म्हणजे चष्मिषचा धाकटा भाऊ. तो सतत मागे मागे असायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट. शेपूट वर पलंगाखाली लपला. चष्मिष आणि लंबू खाली एका सोफ्याच्या सांगाड्याआड बसले. लंबूचे पाय काही मावेनात.

बराच वेळ काहीच घडलं नाही. मग जिन्यावर बारीक खुडखुड झाली आणि खडू उतरताना दिसला! त्याच्यामागून शेपूट बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत येत होता, ओठांवर बोट ठेवून. तो येऊन कुजबुजला, की खडूने नाकाने दार ढकललं, इलॅस्टिक ताणलं, हा बाहेर पडला आणि दार आपोआप परत बसलं.

खडू थेट कोळशाच्या पिंजऱ्याला जाऊन चिकटला. कोळशाने गजांतून तोंड काढलं आणि आपणच फाडलेला तो कान चाटू लागला. मग खडूने कोळशाच्या वाटीतला दाणा गजांतून ओढून घेतला आणि खाल्ला. चष्मिषने तोंडावर हात दाबून धरला. मेजावरून लोंबणारी मखमल कोळशाने कुरतडून ठेवली होती. जाताना तिची एक चिंधी खडूने तोंडात धरली. वर जाऊन तो दाराच्या फटीत नाक खुपसून परत आत शिरत असणार.

"मग सोडू या ना याला आत," लंबू म्हणाला.

चष्मिषने खडूला उचललं आणि कोळशाचं दार जरासं उघडलं. खडूचं नाक आत जाताच कोळसा फुगला आणि दात वाजवत धावून आला. तिने झटकन दार लावलं. सोबत हवी होती दोघांनाही, पण एका पिंजऱ्यात जमत नव्हतं.

गल्लीच्या टोकाला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या. सलूनवाला लवकर आलाच तर त्याला थोपवायचं काम शेपटाकडे देऊन दोघं पिंजरे घेऊन धावले.

बाईंनी दोन्ही उंदरांना हातात घेऊन नीट तपासलं. उंदराला उंदराचीच सोबत लागते, माणसाने कितीही लाड केले तरी ती भरून निघत नाही, असं त्या म्हणाल्या. कोळसा आता वयात आला होता. काही नरांचं डोकं त्या वयात असं तापतं.

"निर्बीजीकरण केलं तर बहुतेक निवतं," त्या म्हणाल्या.

"बहुतेक?"

"बहुतेक. खात्री देणार नाही. शिवाय एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, म्हणजे धोका आलाच. घरी बोलून ठरव."

दोघं परतले तेव्हा कारखान्यात मजेशीर देखावा होता. सलूनवाला खरोखरच लवकर आला होता आणि कात्री खिशात असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. एरवी कात्री पाहून गल्ली डोक्यावर घेणारा शेपूट आज आपण होऊन त्याच्यापुढे बसला होता. अर्ध्या डोक्याचे केस कापून झाले होते. पिंजरे गायब झाले म्हणून मामा संतापून येरझाऱ्या घालत होता.

चष्मिषने खडूचा पिंजरा जमिनीवर ठेवला, कोळशाचा समोर ठेवला आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. इलॅस्टिक ताणलं, दार परत बसलं. खडू भावापाशी पोहोचला. मामा आपल्याच इलॅस्टिककडे बघत राहिला.

मग तिने बाईंचं म्हणणं सांगितलं.

"आणि ऑपरेशनमध्ये तो गेला तर?" मामाने हळूच विचारलं.

"तर मी खूप रडेन, मामा. पण काचेच्या पेटीत तो रोज एकटा असेल आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही."

सलूनवाल्याने कात्री खिशात ठेवली. आपण मासेच पाळू म्हणाला. उरलेलं अर्धं डोकं उद्या, असं शेपटाला बजावून तो निघून गेला.

ऑपरेशनच्या दिवशी चौघंही दवाखान्याच्या बाकावर होते. भूल दिली तरी उंदराला उलटी होत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवायचं नव्हतं. कोळसा सकाळी पोटभर खाऊन आला होता. मामा दर थोड्या वेळाने उठून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. शेवटी बाईंनी टॉवेलात गुंडाळलेला कोळसा बाहेर आणला. त्याच्या मिशा हलत होत्या.

पुढचे काही आठवडे दोन्ही पिंजरे शेजारी शेजारी राहिले. बाईंनी होकार दिल्यावर दोघांना मामाच्या नव्या, कोऱ्या सोफ्यावर सोडलं, कारण ती जागा दोघांपैकी कुणाचीच नव्हती. कोळसा खडूला हुंगत राहिला. मग कोळसा आडवा झाला आणि खडूच्या पोटाखाली घुसून झोपला.

त्या रात्री दोघं जुन्या पिंजऱ्यात एकत्र गेले. कडी बसवायची मामा विसरलाच होता, दाराला अजून इलॅस्टिकच होतं. शेपटाने गुपचूप दारावर, ते उघडलं की सुटेल असा, एक धागा चिकटवून ठेवला.

सकाळी धागा जसाच्या तसा होता.

मामाने वाकून धाग्याला बोट लावून पाहिलं. "मी दोघांना वेगळं केलं आणि काम संपलं समजलो," तो म्हणाला. "तुम्ही तिघं बघत राहिलात. शाबास."

मग त्याने कात्री घेतली आणि नव्या मखमलीचा भलामोठा तुकडा कापून पिंजऱ्यात सारला.