कप्तानांना काही कमी पडलं नाही

खरं सांगतोय. पटत नसेल तर इंग्लंडात फालमथला चर्चच्या मागे जा, कप्तान पेनहॅलोंच्या थडग्यावर नाक टेकवा आणि मग माझ्याशी वाद घाला.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली, जेवणाच्या वेळी. त्यामुळे जेवणही गेलं.

मी ओबेड ट्रेगिअर. 'पेशन्स' जहाजावर पिंपं बांधायचं काम माझं. जमैकाहून घरी निघालो आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आतच कप्तान तापानं गेले.

एरवी माणूस गेला की शिडाच्या कापडात शिवायचा, पायाशी तोफगोळा बांधायचा आणि सोडायचा समुद्रात. पण कप्तानांची बायको, लव्हडेबाई, जहाजावरच होती.

"त्यांच्या आईनं तोंड पाहिल्याशिवाय मी त्यांना कुठंही टाकू देणार नाही," ती म्हणाली.

मग एकच उपाय. रमनं भरलेलं पिंप. दारूत प्रेत सडत नाही.

कप्तान उंच होते. पिंप नव्हतं. गुडघे हनुवटीला टेकवून कसेबसे बसवले. केस वर तरंगायला लागले. मी घाईनं झाकण ठोकलं.

"ओबेड, त्यांना काही कमी पडू देऊ नका हं."

"माझा शब्द, बाईसाहेब."

असले शब्द जपून द्यावेत.

प्रेत सुरुवातीला थोडी रम शोषतंच. म्हणून वरून भर घालत राहायची. मी रोज वरचं बूच काढून काठी घालून पाहायचो. आधी चार बोटं कमी. मग वीतभर. मग काठी थेट डोक्याला लागायला लागली…

टक्.

पिंप गळत नव्हतं. खालची फळी कोरडी ठणठणीत.

"कुणीतरी चोरून पितंय," आचारी झॅकी म्हणाला. खलाशांची ही जुनीच खोड. गिरमिटानं पिंपाला भोक पाडायचं, गव्हाची काडी घालायची आणि ओढायचं.

"आत कप्तान असताना?" मी म्हणालो.

"लोणचं मुरल्याशिवाय चव येत नाही, बाबा!"

सगळे हसले. मग एकेक जण गुपचूप तोंड पुसायला लागला.

भोक कुठंच सापडलं नाही. कप्तानांच्या हाताखालचे मिस्टर कार्लियन आता जहाज चालवत होते. त्यांनी सगळ्यांची तोंडं हुंगली. बिचारे कार्लियन दुसऱ्या दिवसापर्यंत जेवले नाहीत.

भर घालता घालता खलाशांच्या वाट्याची रमही संपली.

"जिवंत होता तेव्हा आमच्या रममध्ये पाणी घालायचा," झॅकी ओरडला. "मेल्यावर स्वतः बिनपाण्याची पितोय!"

कार्लियन बाईंकडे वळले. "बाईसाहेब, आत रम उरली नसेल तर ते सडतील. पिंप समुद्रात सोडावं लागेल."

बाई माझ्याकडे पाहत राहिली.

तळाशी रम आहे का, हे काठीनं कळेना. मध्ये कप्तान होते. मी खाली, बुडाजवळ गिरमिटानं भोक पाडलं. काडी घातली.

"ओढ," कार्लियन म्हणाले आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले.

मी डोळे मिटून ओढलं.

काही नाही.

पुन्हा ओढलं… काहीतरी कोमट आलं. दाट. गोडसर. जिभेवर बसलं आणि हलेना.

थुंकणार, तेवढ्यात…

पलीकडून ओढलं गेलं.

माझी थुंकी गेली. श्वास गेला. ओठ काडीला चिकटले. आतून आवाज आला. बशीतला चहा संपत आल्यावर येतो ना, तसा.

मग काडी सुळकन आत गेली.

"आहे का?" कार्लियननी विचारलं.

बाईनं शाल दोन्ही हातांनी घट्ट आवळली होती.

"आहे," मी म्हणालो. काय आहे, ते कुणी विचारलं नाही.

भोकाला खुंटी ठोकली. पिंप जहाजावरच राहिलं. त्याच्याजवळ बसून मात्र पुन्हा कुणी जेवलं नाही.

फालमथला झाकण काढलं. कप्तानांची म्हातारी आई काठी टेकत पुढं आली.

आत रमचा एक थेंब नव्हता.

कप्तान मात्र टवटवीत. गाल भरलेले, लाल. जिवंतपणी कधी इतकी चांगली तब्येत नव्हती. ओठांचा चंबू… आणि त्यात काडी.

"किती छान दिसतोय माझा पोरगा!" म्हातारीनं त्यांच्या ओल्या कपाळाचा मुका घेतला.

लव्हडेबाईनं काडी हलकेच काढली, रुमालानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"शब्द पाळलात, ओबेड. ही तुमचीच ना?"

तेव्हापासून मी रम सोडली. दूध पितो. रात्री कप भरून बशीनं झाकून ठेवतो.

बशी जागची हलत नाही. दूध मात्र आधी बोटभर कमी व्हायचं. हल्ली सकाळी कप रिकामा असतो…

मी पुन्हा भरतो. काय करणार? शब्द दिलाय.

पण एखाद्या दिवशी गवळी आला नाही तर कप्तान काय ओढतील, याचा विचार मी करत नाही.

तोंड घट्ट मिटून झोपतो, एवढंच.