वेताचा घेर

स्पेनमधल्या वायादोलिद शहराच्या पेठेतून राणीसाहेब एकदा गेल्या, घंटा डुलावी तशा डुलत. त्यांच्या घागऱ्याला बाहेरून वेताच्या कड्या शिवलेल्या होत्या आणि कमरेखाली घेर वाढत वाढत पार जमिनीपर्यंत गेला होता. त्या उन्हाळ्यात एस्गेवा नदीचा काठ बोडका झाला. सगळा वेत बायकांच्या घागऱ्यांत गेला.

मेन्सियानेही तसा घागरा शिवून घेतला. नवरा लोकरीच्या व्यापारासाठी गावोगाव हिंडायचा. घरात ती आणि सासू ब्रियांदा.

"राणीला म्हणे वाढतं पोट लपवायचं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुला गं काय लपवायचंय, सूनबाई?"

मेन्सियाने घागऱ्याची गाठ आवळली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. पाळणा माळ्यावरच होता.

पहिल्यांदा ते चर्चमध्ये जाणवलं. ती गुडघे टेकून बसली, घागरा भोवती फुगून राहिला आणि आतल्या पोकळीत ऊब आली. झोपेतल्या लेकराच्या अंगाची असते तशी. तिला वाटलं, मांजर शिरलं. घरी येऊन तिने घागरा उचलून पाहिला. आत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगणात चालताना कुणीतरी तिचा आतला परकर मुठीत धरला.

ती घाबरली नाही. तिने फक्त पावलं लहान केली.

मग मधात बुडवलेला पावाचा तुकडा ती घेराच्या कडेशी ठेवू लागली. तुकडा आत जाई. दुपारी संत्र्याच्या झाडाखाली बसून ती गुणगुणायची, आणि पोटरीला टेकलेलं डोकं हळूहळू जड व्हायचं. तिच्या गालांवर रंग आला. वाटेत भेटणाऱ्या बायकाही आता सावकाश चालत होत्या. प्रत्येकीचा एक हात घेरावर, थोपटल्यासारखा. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

शेवटी ब्रियांदांनीही घागरा शिवला. त्यांचे टोमणे थांबले. भिंतीपलीकडून कधी कधी त्यांचं अंगाईगीत ऐकू यायचं.

हिवाळ्याच्या तोंडाशी राणीसाहेब पुन्हा आल्या. अंगात साधा, सरळ, अंगाबरोबर उतरणारा झगा. कडी नाही, घेर नाही.

आठवडाभरात शहरभरचे वेत भट्ट्यांत गेले. ब्रियांदांनी आपल्या हातांनी कड्या मोडून चुलीत घातल्या.

"तूही काढ आता. लोक हसतील."

"हसू देत, सासूबाई."

"अगं, राणीनेच सोडलाय!"

"राणीने सोडला. मी नाही सोडणार."

रविवारी मेन्सिया तशीच चर्चमध्ये गेली. अरुंद झग्यांच्या रांगांमध्ये तिचा एकटीचा घेर. मागे कुणीतरी खुदकन हसलं. ती गुडघ्यांवर बसली. परकर ओळखीच्या मुठीत आला.

मग बाहेरून घागऱ्याची कड उचलली गेली.

थंड वारा आत आला. त्याच्यामागून एक थंड, इवलासा हात.

कड पुन्हा उचलली. मग दुसऱ्या बाजूने. मग मागून.

वेत करकरला. पोटऱ्यांना गार अंगं चिकटत गेली. त्यांच्यातून जळक्या लाकडाचा वास येत होता. समोर पाद्रीबाबांचं लॅटिन संथ चाललं होतं. बायकांच्या माना खाली होत्या. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं आणि आता कुणी हसतही नव्हतं.

शेजारी बसलेल्या ब्रियांदांचे ओठ मान न वळवता हलले.

"माझंही आलंय का गं आत?"

मेन्सियाने पाय आणखी जवळ घेतले, जागा व्हावी म्हणून.