पहिला शिक्का लेलंडचा

सांगते, पण मध्येच हसायचं नाही. लेलंडही हसला होता.

लेटरबॉक्सिंग हा आम्हा नवरा-बायकोचा एकोणीस वर्षांचा नाद. कोणीतरी कुठेतरी डबी लपवतं. आत एक वही आणि हाताने कोरलेला रबरी शिक्का. इशाऱ्यांवरून डबी शोधायची, तिचा शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला तिच्या वहीत. ना बक्षीस, ना काही. पण कोऱ्या वहीत ज्याचा शिक्का पहिला, त्याची कॉलर ताठ! लेलंडला हा मान एकदाही मिळाला नव्हता आणि त्याची नजर झपाट्याने जात होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, शोधाशोधीचा हा शेवटचा उन्हाळा.

म्हणून कोलर्स गॅप या ओसाड खाणगावात नवी डबी लपवल्याचं कळताच हा पठ्ठ्या संध्याकाळचं जेवण अर्धं टाकून गाडीत जाऊन बसला.

"व्हर्ना, पळव की! स्कूलबस नाहीये ही."

"गप्प बस. धडपडलास तर शिक्का तुझ्या प्लास्टरवर मारीन."

गावात चिटपाखरू नव्हतं. बंद स्टेशनपासून गंजलेल्या रुळांवरून दोनशे दहा स्लीपर मोजत जायचं होतं. मी मोजत होते, तो माझ्या खांद्याला धरून जवळजवळ नाचत होता. पुढे कोळशाच्या खाणीचं तोंड, पन्नास वर्षांपूर्वी काँक्रीटने बुजवलेलं. त्याच्या बाजूला खाणकामगारांचे दिवे ठेवायची खोली. तिच्या पायरीखाली माझा हात गेला आणि टिनाच्या डबीला लागला.

"सापडली!" मी किंचाळलेच.

वही कोरी करकरीत! लेलंडच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने कंदील कोरलेला आपला शिक्का पहिल्या पानावर दाबला, तारीख घातली आणि माझा मुका घेतला. मला इतका आनंद झाला होता की पानाच्या माथ्यावर काय लिहिलंय ते मी नंतर वाचलं.

'खाली जाताना.'

शेवटच्या पानावर, 'वर येताना.'

माझे वडील याच खाणीत होते. आत जाताना प्रत्येकाचा पितळी बिल्ला फळीवर लटकायचा, पाळी संपवून वर आला की तो काढायचा. बिल्ला राहिला म्हणजे माणूस खाली राहिला. फळीकडे बघताना आईचा चेहरा कसा व्हायचा, ते मी विसरलेले नाही.

"शेवटच्या पानावरही मार," मी म्हटलं.

"भित्री भागूबाई!" तो हसला, पण मारला. शाई उमटलीच नाही. पुन्हा मारला... कोरंच. तोच शिक्का माझ्या तळहातावर मारून बघितला, तर कंदील छान उमटला.

तेवढ्यात भोंगा झाला. पाळीचा भोंगा. बुजवलेल्या खाणीतून.

"आलो!" लेलंड ओरडला, अगदी खुशीत, आणि खोलीच्या कोपऱ्याआड गेला. मी डबी जागेवर ठेवून धावले, तर तो समोरून येतच होता.

"कुठे गेला होतास?"

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या गं," तो म्हणाला. "पहिला आलो ना!"

गाडीत तो पूर्ण वेळ बडबडत होता. वाटेतल्या पाट्या वाचून दाखवत होता. दूरच्या, बारीक अक्षरांतल्या. मला बरं वाटायला हवं होतं. मला घाम फुटला होता. रात्री त्याचे हात काही केल्या गरम होईनात, आणि अंथरुणाला ओल्या दगडाचा वास येत होता.

पहाटेपर्यंत मी विचार करत होते. मग एकदम आठवलं. वडील म्हणायचे, पाळी संपल्याशिवाय बिल्ला काढता येत नाही. रात्रीची पाळी सकाळी सहाला संपते!

तो घोरत होता. त्याचा शिक्का खिशात घालून मी गाडी अशी हाणली की काय सांगू. सहाला चार मिनिटं असताना पायरीखालून वही काढली. उजाडलं होतं, पाखरं ओरडत होती. बरोबर सहाला भोंगा झाला आणि मी 'वर येताना'वर शिक्का दाबला.

उमटला! काळाभोर, ठसठशीत कंदील! मी उडीच मारली.

"व्हर्ना..."

कोपऱ्याला धरून लेलंड उभा होता. नखशिखांत कोळसा, नखं फुटलेली, कालचाच शर्ट. डोळे किलकिले करून तो माझा आवाज शोधत होता.

"रात्रभर हाका मारतोय गं तुला..."

मी त्याला कवटाळलं. त्याचे हात उबदार होते. माझाच लेलंड! मी रडत होते, हसत होते.

खिशात फोन वाजला. घरचा नंबर.

"कुठे आहेस गं?" लेलंडचा आवाज, झोपेतून उठल्यासारखा. "येताना अंडी आण... आणि त्याला नको आणूस."