ऐकू आलं की बटण दाबा

"ऐकू आलं की बटण दाबा," एवढंच मी सांगितलं होतं. काचेपलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसलेला तो माणूस प्रत्येक बीपला इतका अचूक बटण दाबत होता, की मला संशय आला. पुढचा बीप मी सोडलाच नाही. माझ्या टेबलावरचा दिवा तरीही लागला!

मी दार उघडून आत गेले. "आत्ता काय ऐकलंत?"

"बीप."

"वाजलाच नव्हता."

तो ओशाळला... आणि मग असा हसला, की मीच गडबडले. "तुम्ही फार तालात बीप सोडता हो. ड्रमरला अंदाज येणारच!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कॉलेजात ज्या बँडने आम्हाला वेड लावलं होतं, त्याचा हा ड्रमर! बँड फुटल्यावर गायक फ्लॅट विकायला लागला, गिटारवाला दातांचा डॉक्टर झाला आणि हा वॉशिंग मशीन दुरुस्त करत होता. आता तिघं पुन्हा एकत्र येणार होते. वर्षभराची टूर. फक्त कान ठीक असल्याचा दाखला हवा होता.

"पुन्हा तपासा ना," म्हणत तो येत राहिला. मधेच आमच्या घरचं मशीन बिघडलं. म्हणजे... नळी मीच सैल केली.

"मुलगा ओरडून बोलतो," आई म्हणाली, "पण गोड आहे."

दुसऱ्यांदा दुरुस्तीला बोलावलं तेव्हा त्याने मशीनवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. "हे बिघडलेलंच नाहीये."

"वाटलं मला तसं..."

"अंदाजाने?"

मी लाजेने लालबुंद.

शेवटच्या तपासणीत मी ताल मोडून बीप सोडले. निम्मे चुकले. नाजूक आवाज त्याच्या कानातून केव्हाच गळाले होते, 'स' तर सगळ्यात आधी. स्टेजवरच्या दणदणाटात उरलेलंही गेलं असतं. खरं सांगावं तर त्याला जवळ ठेवू पाहणारी मी स्वार्थी ठरणार, खोटं लिहावं तर त्याचे कान जाणार. शेवटी खरं तेच सांगितलं.

"मग दुसरीकडून आणतो दाखला," तो तुटकपणे म्हणाला. "मी जाणार."

"शब्दांची तपासणी राहिलीय. मी म्हणते, तुम्ही परत म्हणा." मी काचेअलीकडे आले आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला.

"पाणी."

"पाणी."

"खुर्ची."

"खुर्ची."

"जाऊ... नकोस."

उशिराने, ताल चुकवून, दिवा लागला.

"बटण नाही," मी कशीबशी म्हणाले, "शब्द म्हणायचा."

"'स' ऐकू आला की नाही, देव जाणे. पण 'तुम्ही'वरून 'तू'वर आलीस, ते ऐकलं." त्याने हेडफोन काढले. "गायकाला सांगतो, दुसरा ड्रमर बघ म्हणून. वाईट वाटेल... खूप वाटेल. तू ते पुन्हा म्हण ना. मोठ्याने नको. जवळून."

मी कागद खाली ठेवला आणि दार उघडून आत गेले.