फटीवर दाबलेला हात

माझ्या साडूची गोष्ट आहे, पोरांनो. घरी उशिरा आला तर त्याला धड एक बहाणा सुचत नाही. तो कसली थाप मारणार?

गेल्या वर्षी, नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. चंद्र अजून उगवला नव्हता. साडू आणि त्याचा धाकटा भाऊ जाळी टाकायला निघाले. होडी दोन महिने काठावर पडून होती. लाकूड असं वाळलं की फळ्यांत फटी पडतात, म्हणून आधी एक-दोन दिवस ती पाण्यात ठेवून फुगू द्यायची असते. यांना घाई. धाकटा म्हणाला, "चल रे दादा, मी उपसतो ना पाणी."

जाळी टाकेपर्यंत तळात घोटाभर पाणी साचलं आणि इंजिन बंद पडलं. धाकटा डब्याने उपसत राहिला. साडूने टॉर्च मारून फट शोधली, तीत चिंध्या कोंबल्या.

चिंध्या परत आत आल्या.

पुन्हा कोंबल्या. पुन्हा आत. पाण्याचा जोर असेल म्हणून त्याने वर तळहात दाबून धरला. तर खालून... कोणीतरी दाबत होतं. चिंध्यांआडून बोटं लागत होती.

"दादा, हात काढ."

"वेडा झालास का? उपस तू."

"तो म्हणतोय, हात काढ."

"कोण?"

डब्याचा आवाज थांबला होता. धाकटा उठला. कडेला गेला. साडूचा दुसरा हात जेमतेम वीतभर कमी पडला. फटीवरचा काढला असता, तर होडीच गेली असती.

"अरे, बस खाली... आईला काय सांगू मी?"

तो बसला नाही. कडेवरून खाली गेला, पाणी वाजलंसुद्धा नाही.

आणि खालचा दाब थांबला.

काय म्हणालास? पोहता येत नव्हतं? चांगलं येत होतं.

सकाळी दुसऱ्या होडीने ओढून आणलं, तेव्हाही साडूचा हात तिथेच. दोघांनी मिळून सोडवला. धाकटा सापडला नाही. आई साडूला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

होडी तेव्हापासून काठावर उलटी पडून आहे. तळाला, त्या फटीवर, बाहेरच्या बाजूने हाताचा पंजा उमटलाय. दोनदा रंग मारला, तरी दिसतो. मे महिन्यात, भर दुपारी, मी स्वतः बोट लावून पाहिलं.

ओला होता.